आंद्रेआस रस्त्यावरचा दरवाजा
एरफुर्टच्या कलावंत स्त्रियांच्या गटाची वाटचाल : 1984 ते 1994

संस्थेची वाटचाल लिहायला बसले की आधी कागद लागतात. घटना, नोंदणी क्रमांक, इतिवृत्ताच्या वह्या, वार्षिक अहवाल. एरफुर्टच्या कलावंत स्त्रियांच्या गटापाशी सुरुवातीच्या वर्षांत यातले काहीच नव्हते, कारण असले कागद देण्याचा अधिकार ज्या सरकारकडे होता त्याला हा गटच नको होता. 1984 साली पूर्व जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात, एरफुर्टच्या जुन्या गावठाणात काही बायका एकमेकींच्या घरी जमू लागल्या. दहा वर्षांनी त्यांचे जमणे थांबले. मागे राहिली सुपर-8 फिल्मची रिळे, कृष्णधवल फोटो, हाताने शिवलेले-चिकटवलेले पोशाख आणि गुप्त पोलिसांनी त्यांच्यावर लिहिलेल्या फायली. आज जर्मनीतली संग्रहालये यातले पहिले तीन ऐवज मोठ्या मानाने मांडतात. चौथा ऐवज जगाला पाहता आला, त्यातही याच बायकांचा हात आहे. ती हकीगत पुढे येईलच.

आधी त्या राज्याविषयी. पूर्व जर्मनीने 1949 च्या पहिल्याच राज्यघटनेत स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आणि ते नुसते कागदावर ठेवले नाहीत, हे मोकळेपणाने सांगायला हवे. पाळणाघरे होती. 1972 पासून पहिल्या बारा आठवड्यांतला गर्भपात बाईच्या स्वतःच्या निर्णयावर होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कामाच्या वयातल्या दहापैकी नऊ बायका नोकरीत किंवा शिक्षणात होत्या. त्या काळात पश्चिमेकडच्या बाईलाही हे सगळे सहजी मिळत नव्हते. पण घरकामासाठी महिन्यातून एक पगारी सुट्टी असे, ती मुख्यतः बाईलाच. म्हणजे कारखान्यातून परतल्यावर चूल तिचीच, हे सरकारनेही गृहीत धरलेले होते. समानता आलेली आहे, प्रश्न सुटलेला आहे, असे एकदा वरून जाहीर झाले की खालून तक्रार करायला जागा उरत नाही. देशात महिलांची मोठी संघटना एकच, तीही सरकारमान्य. आपल्या आपण चार जणींनी एकत्र येऊन 'आम्ही' म्हणायचे, तर तो संशयाचा विषय.

कलावंतांचीही तीच गत. दृश्यकलावंतांचा राष्ट्रीय संघ होता. त्यात प्रवेश मिळाला की स्वतंत्र कलावंत म्हणून काम करता येई, स्टुडिओ मिळे, सरकारी कामे मिळत, दर पाच वर्षांनी ड्रेस्डेनला भरणाऱ्या मोठ्या राष्ट्रीय प्रदर्शनात चित्र लागण्याची आशा ठेवता येई. छापील चित्राच्या शंभराहून कमी प्रती काढायच्या असतील, तर छपाईचा परवानाही लागत नसे. पण प्रवेश मिळायचा तो बहुधा कला महाविद्यालयाची पदवी असेल तरच. ज्यांना तिथे घेतले नाही किंवा तिथून काढले, त्यांनी चित्रे काढायची ती स्वतःच्या घरात. त्यातून नोकरीही सोडली, तर फौजदारी कायद्याचे 249 कलम होतेच. 'समाजविघातक' वर्तन म्हणून कामचुकाराला तुरुंगात धाडणारे कलम.

या गटाचा मूळपुरुष म्हणायची आपल्या भाषेची सवय आहे. इथे मूळ बाई आहे, गाब्रिएले श्टोत्सर. जन्म 1953, गोथाजवळच्या एमलेबेन या खेड्यात. एरफुर्टच्या शिक्षक महाविद्यालयात ती जर्मन आणि कलाशिक्षण शिकत होती. 1976 साली एका सहाध्यायावर झालेल्या कारवाईविरुद्ध तिने तोंड उघडले आणि तिलाच काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कवी-गायक वोल्फ बीअरमान पश्चिम जर्मनीत कार्यक्रमासाठी गेलेला असताना सरकारने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. त्याविरुद्धच्या निवेदनावर श्टोत्सरने सही केली, सह्या गोळा केल्या. राज्याची बदनामी केली, या आरोपाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. आधी एरफुर्टच्या आंद्रेआस रस्त्यावरची गुप्त पोलिसांची कोठडी, मग सॅक्सनीतल्या श्टोलबेर्ग गावचा होएनेक हा बायकांचा तुरुंग. टेकडीवरचा जुना किल्ला, आत खच्चून भरलेल्या बराकी, पाळ्यांमध्ये शिवणकाम. राजकीय कैदी आणि खुनी बायका एकाच खोलीत.

पश्चिम जर्मनी तेव्हा पैसे मोजून राजकीय कैदी सोडवून नेत असे. 1963 पासून 1989 पर्यंत असे तेहतीस हजारांवर लोक पलीकडे गेले. ती वाट श्टोत्सरपुढेही होती. तिने ती घेतली नाही, शिक्षा भोगून ती एरफुर्टलाच परतली. माझ्या मते पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ या नकारात आहे. जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. ड्रेस्डेनची चित्रकार कोर्नेलिया श्लायमे, हीही 1953 चीच, 1981 पासून प्रदर्शनबंदी सोसून अखेर 1984 साली पश्चिम बर्लिनला गेली आणि तिची त्या वेळपर्यंतची बहुतेक चित्रे मागे राहून नाहीशी झाली. जाण्याचीही किंमत होतीच. पण एरफुर्टमध्ये गट उभा राहिला तो एक बाई राहिली म्हणून. तुरुंगात नाना तऱ्हेच्या बायकांमध्ये दिवस काढले, तिथेच आपला विषय हाती लागला, असे तिने नंतर सांगितले आहे.

सुटून आल्यावर तिला बुटांच्या कारखान्यात कामाला लावले. ते सोडून तिने 1980 साली एक खाजगी कलादालन चालवायला घेतले. 'गॅलरी इम फ्लूर', म्हणजे घराच्या बोळातली गॅलरी. नाव होते तशीच जागा होती. 1981 साली गुप्त पोलिसांनी ते बंद पाडले. मग तिने माग घेतला, लोकर घेतली, विणकामावर पोट भरू लागली आणि जोडीला कॅमेरा हाती घेतला. (एरफुर्ट हे कापडाच्या रंगाचेच गाव. मध्ययुगात इथे वाइड नावाच्या झाडापासून निळा रंग काढत, त्यावर हे शहर श्रीमंत झाले. पुढे आपल्याकडची नीळ समुद्रमार्गे युरोपात पोचली आणि इथला धंदा बसला.)

कॅमेऱ्यापुढे कोण उभे राहणार? मैत्रिणी. पैसे देऊन मॉडेल आणण्याची ऐपत नव्हती आणि तिला तसे हवेही नव्हते. त्या काळच्या तिच्या फोटोंत अंगभर पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेले आणि त्यातून सुटू पाहणारे बाईचे शरीर पुन्हा पुन्हा येते. सरकारी चित्रांत बाई दिसे ती क्रेन चालवणारी, दूध काढणारी, मूल कडेवर घेतलेली, बहुधा हसरी. इथे तीच बाई श्वास घ्यायला धडपडताना दिसते. हे फोटो काढताना कॅमेऱ्यामागची आणि कॅमेऱ्यापुढची अशा दोघी मिळून ठरवत की काय करायचे. त्या ठरवण्यातूनच गट जन्मला.

1984 पासून तो नियमाने भेटू लागला. वर्षावर्षांत काही आल्या, काही गेल्या. मोनिका आंद्रेस, टेली ब्यूशनर, एल्के कार्ल, मोनिक फ्योर्स्टर, गाब्रिएले ग्योबेल, इना हायनर, फेरेना किसेल्का, बेट्टिना नॉयमान, इंग्रिड प्ल्योटनर, हॅरिएट वोलर्ट ही नावे आता कलेच्या इतिहासात गेली आहेत. तेव्हा यातल्या बहुतेकींकडे सरकारमान्य कलावंत असल्याचा कागद नव्हता. नोकऱ्या होत्या, काहींना लहान मुले होती. जमायच्या त्या जुन्या वस्तीतल्या घरांत. हे गावठाण तेव्हा पडायला आले होते. शतकांपूर्वीची घरे पाडून रुंद रस्ता आणि सिमेंटच्या ठोकळ्यांच्या इमारती उभारायचे सरकारचे ठरले होते. जिथे उद्या बुलडोझर येणार, तिथे आज कोण राहते याची फारशी विचारपूस होत नाही. मोडक्या घरांचा हा एक फायदा या बायकांनी पुरेपूर घेतला.

पहिली सामूहिक फिल्म 1986 ची, 'फ्राउएनट्रॉइमे', म्हणजे बायकांची स्वप्ने. तिची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. पटकथा नाही, एकच एक दिग्दर्शक नाही. प्रत्येकीने आपले स्वप्न आणायचे आणि ते स्वतः कॅमेऱ्यापुढे करून दाखवायचे. बाकीच्या जणी वेशभूषेला, वस्तू जमवायला, उजेड धरायला. सुपर-8 हे घरगुती फिल्मचे माप. लोक त्यावर मुलांचे वाढदिवस आणि समुद्रकाठच्या सुट्ट्या टिपत. एका रिळात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे चित्रण मावते. आजच्यासारखे पन्नासदा घेऊन एक निवडायची सोय नाही, प्रत्येक सेकंद पदरमोडीचा. त्यामुळे आधी भरपूर बोलणे, सराव, आणि मग एका दमात चित्रण. फिल्मला आवाज नाही, तो वेगळा जोडायचा. स्वप्न सांगणे वेगळे आणि चार जणींच्या देखत ते अंगाने करून दाखवणे वेगळे. त्याला धीर लागतो आणि समोरच्या जणींवर भरवसा लागतो. ज्या देशात शेजारी कानावर पडलेले पोचवील याचा धसका होता, तिथे भरवसा ही सगळ्यात महागडी चीज होती.

आणि धसका खोटा नव्हता. श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे 1989 साली एक्क्याण्णव हजार पगारी माणसे होती आणि बिनपगारी खबऱ्यांचा आकडा त्याच्या जवळपास दुप्पट. श्टोत्सरवर 'टॉक्सिन', म्हणजे विष, या सांकेतिक नावाने फाईल उघडलेली होती. तिच्या कॅमेऱ्यापुढे बाईच्या पोशाखात उभा राहिलेला एक तरुण खबऱ्या होता, हेही पुढे फायलींतून बाहेर आले. तरीही या बायकांनी अंग चोरले नाही. 1988 ची 'कोमिक-कोमिश' आणि 1989 ची 'सिग्नाले' या पुढच्या सामूहिक फिल्म त्याच पाळतीखाली झाल्या.

1988 मध्ये गट घराबाहेर पडला. पूर्व जर्मनीत सरकारच्या परवान्याशिवाय लोक जमू शकत अशी एकच जागा होती, चर्च. त्या उन्हाळ्यात एरफुर्टला चर्चचा मोठा मेळावा भरला आणि या बायका तिथे आपला वस्त्रांचा खेळ घेऊन उतरल्या. त्याला फॅशन शो म्हटले जाई, पण विकत घेऊन घालावे असे त्यात काही नव्हते. हाताला लागेल ते साहित्य जोडून केलेले पोशाख, रंगवलेले चेहरे, संगीत, हावभाव. असे खेळ तेव्हा इतर शहरांतही होत होते. बर्लिनमधल्या एका मंडळीने तर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पसरायच्या प्लास्टिकचे कपडे शिवले होते. दुकानात मनासारखे कापड मिळत नाही म्हणून हे सुरू झाले असेल, पण एरफुर्टच्या बायकांनी त्याचे नाटक केले. कोणी पक्षी, कोणी राणी, कोणी या पृथ्वीवरचे नसलेलेच काही. पुढे गटाने नाव घेतले तेही त्याच सुराचे: 'एक्स्टेरा एक्सएक्स'. पृथ्वीबाहेरच्या, आणि दोन एक्स गुणसूत्रांच्या, म्हणजे बायका.

इथवरची वाटचाल कलेच्या इतिहासात मावते. पुढचे पाऊल मावत नाही.

1989 चा शरद ऋतू. लाइपझिगला दर सोमवारी मोर्चे निघत होते, 9 नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. एरफुर्टमध्ये 'बदलासाठी स्त्रिया' नावाची नागरिक स्त्रियांची फळी उभी राहिली होती, गटातल्या काही जणी तिच्यातही होत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला कानोकानी खबर आली की श्टाझी आपली कागदपत्रे नष्ट करते आहे. आंद्रेआस रस्त्यावरच्या त्यांच्या जिल्हा कार्यालयाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

4 डिसेंबरच्या सकाळी पाच जणींनी पुढाकार घेतला. डॉक्टर असलेल्या केर्स्टिन श्योन, क्लाउडिया बोगेनहार्ट, साबिने फाबियान, आणि आपल्या गटातल्या टेली ब्यूशनर व गाब्रिएले श्टोत्सर. त्यांनी शहरभर निरोप फिरवले, अधिकाऱ्यांना गाठले, सरकारी वकिलांकडे खोल्या सील करण्याची मागणी लावून धरली. बाहेर पडणाऱ्या गाड्या अडवायला नगरपालिकेची अवजड वाहने फाटकांपुढे उभी राहिली. मग त्या आत शिरल्या आणि पाठोपाठ शेकडो नागरिक. तोवर पूर्व जर्मनीत श्टाझीचे एकही जिल्हा कार्यालय लोकांनी ताब्यात घेतलेले नव्हते. एरफुर्ट पहिले. त्याच दिवशी संध्याकाळी लाइपझिगचे गेले, मग इतर शहरांतली, आणि 15 जानेवारी 1990 रोजी बर्लिनचे मुख्यालय.

श्टोत्सर ज्या आवारात शिरली त्यातच बारा वर्षांपूर्वी ती कैदी होती. तेव्हा तिला आणले होते. या वेळी ती आपल्या पायांनी आली होती.

नागरिकांनी तिथे दिवसरात्र पहारा बसवला आणि कागद वाचवले. दोन वर्षांनी, डिसेंबर 1991 मध्ये, संयुक्त जर्मनीने कायदा करून ज्याची फाईल त्याला पाहण्याचा हक्क दिला. देशभर मिळून एकशे अकरा किलोमीटर लांबीच्या फायली वाचल्या होत्या. या कायद्याचे श्रेय राजकारण्यांना, वकिलांना, धर्मगुरूंना दिले जाते आणि ते त्यांचेही आहे. पण पहिल्या दरवाजाशी उभ्या होत्या त्यांत स्वप्नांच्या फिल्म करणाऱ्या बायका होत्या, हे कितीतरी पुस्तकांत एका ओळीत उरकले जाते. मला ते खटकते. पाच जणी एका सकाळी अचानक धीट होत नाहीत. एकमेकींवर विसंबून जोखीम घ्यायची सवय त्यांतल्या दोघींना तरी आधीच्या पाच वर्षांत लागली होती, ती रात्री खिडक्यांना पडदे लावून केलेल्या चित्रणात.

1990 मध्ये गटाला पहिल्यांदा उघड पाटी लावता आली. मिखाएलिस रस्त्यावर, 34 क्रमांकाच्या जुन्या घरात, गटातल्या बायकांनी 'कुन्स्टहाउस एरफुर्ट' हे कलागृह सुरू केले. प्रदर्शने, फिल्म, प्रयोग, सगळे आपल्या छपराखाली. बोळातल्या गॅलरीला टाळे लागून नऊ वर्षे झाली होती. जुन्या वस्तीवरचा बुलडोझरही टळला, तोही शहरातल्या लोकांनी विरोध करून टाळला.

नंतरची चार वर्षे मात्र ओढाताणीची होती. 3 ऑक्टोबर 1990 ला दोन्ही जर्मनी एक झाल्या. पूर्वेतले कारखाने धडाधड बंद पडले आणि नोकऱ्या गेल्या त्यांत बायका पुढे होत्या. पाळणाघरे कमी झाली. गर्भपाताचा जुना कायदाही राहिला नाही. जे राज्य या बायकांना कोंडत होते त्याने दिलेले काही हक्क त्याच्याबरोबरच बुडाले. दुसरीकडे प्रवास खुला झाला, अर्ज करून अनुदान मागता येऊ लागले, ज्या-त्या कलावंताला स्वतःचे नाव करायची संधी आली. पूर्वी एकत्र राहण्यावाचून गत्यंतर नव्हते, आता होते. 1994 मध्ये गट विसर्जित झाला. भांडून फुटला नाही. काम झाले आणि जणी आपापल्या कामाला लागल्या. कलागृह मात्र चालू राहिले.

पुढची बरीच वर्षे त्यांच्या वाट्याला विस्मरण आले. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतली कला हा वादाचा विषय झाला आणि तो वाद रंगला सरकारी चित्रकारांवरून, म्हणजे बहुतेक पुरुषांवरून. ज्यांनी सरकारचा ब्रशही घेतला नाही आणि देशही सोडला नाही, त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. हळूहळू चित्र पालटले. 2013 साली एरफुर्टच्याच कलादालनात शहराच्या भूमिगत संस्कृतीचे मोठे प्रदर्शन लागले, आणि त्याच वर्षी श्टोत्सरला देशाचा सन्मानाचा क्रॉस मिळाला. 2018 मध्ये ड्रेस्डेनच्या लिप्सिउसबाउ या कलादालनात पोलादी पडद्याआडच्या बंडखोर कलावंत स्त्रियांचे प्रदर्शन भरले. आणि नोव्हेंबर 2021 मध्ये बर्लिनला खास या गटाचे, 'होझेन हाबेन रोके आन' या नावाने. म्हणजे, विजारींनी परकर नेसले आहेत. गट थांबून सत्तावीस वर्षे झाल्यावर.

आंद्रेआस रस्त्यावरचा तुरुंग डिसेंबर 2013 पासून स्मृतिस्थळ म्हणून खुला आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीत गेलेली मराठी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. फ्रँकफुर्टहून लाइपझिगला आणि म्यूनिकहून बर्लिनला जाणाऱ्या वेगवान गाड्या एरफुर्टला थांबतात. एखाद्या शनिवारी तिथे उतरा. पर्यटक पुलावरची जुनी दुकाने आणि कॅथेड्रल पाहून परततात. तुम्ही कॅथेड्रलच्या चौकातून आणखी थोडे पुढे चालत जा, ते फाटक आणि त्या कोठड्या पाहा, आणि मग मिखाएलिस रस्त्यावर 34 क्रमांकाचे घर शोधा. दोन्ही जागा एकमेकींपासून पायी दहा-एक मिनिटांवर आहेत.